कळफलकावरील वाटचाल

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं संगणकावर प्रोग्रॅम लिहिण्याचा व्यवसाय करणारा एखादा मुलगा, एखादी सून किंवा भाची बहुधा असतेच. घरीं बसून तिचें काम चाललें असतां पाठीमागें उभें राहून पाहणाऱ्या वडील मंडळींस एक गोष्ट चमत्कारिक वाटते. बोटें कळफलकावर सारखीं चाललेलीं असतात, परंतु पडद्यावर नवीन अक्षर क्वचितच उमटतें. मजकूर वर सरकतो, खालीं सरकतो. एक शब्द नाहींसा होतो, दुसरा त्याच्या जागीं येतो. आणि कर्सर, म्हणजे पुढील अक्षर कोठें उमटणार तें दाखविणारी लुकलुकती खूण, या ओळीवरून त्या ओळीवर उड्या मारीत असते. एवढें सारें होत असतां हात जवळच पडलेल्या माऊसकडे वळतहि नाहीं. हें काय चाललें आहे, आणि त्यांत लाभ कोणता, हा या भाषणाचा विषय होय.

सर्वसाधारण समज असा आहे कीं, प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य दिवसभर टंकलेखन करीत असतो, आणि ज्याचा टंकलेखनाचा वेग अधिक तो या व्यवसायांत अधिक कुशल. हा समज बरोबर नाहीं. कचेरींतील टंकलेखकापुढें तयार मसुदा असतो. त्याची प्रत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सरळ काढावयाची असते. प्रोग्रॅमची गोष्ट निराळी. प्रोग्रॅम हा संगणकास दिलेल्या आज्ञांचा लेख असून तो बहुधा हजारों ओळींचा व अनेक फाइलींत विभागलेला असतो. तो एकदां लिहून संपत नाहीं. एखाद्या रकमेस दिलेलें नांव एका ठिकाणीं बदललें कीं तें जेथें जेथें आलें असेल तेथें तेथें बदलावें लागतें. चूक दिसते एका ओळींत आणि तिचें मूळ सांपडतें दुसऱ्याच फाइलींत. म्हणून प्रोग्रॅमरच्या वेळाचा मोठा भाग लिहिलेलें वाचण्यांत, शोधण्यांत व दुरुस्त करण्यांत जातो. हा मजकूर ज्या साधनांत लिहिला, वाचला व सुधारला जातो त्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात. आणि त्या मजकुरांतून हिंडण्याची कला म्हणजेच कळफलकावरील वाटचाल.

असें हिंडतांना वेळ जपावयाचा असतो हें खरें. पण त्याहूनहि जपावयाची वस्तु म्हणजे चित्ताची एकाग्रता. वाण्याच्या वहींतील चाळीस रकमांची तोंडी बेरीज करणाऱ्या माणसास मध्येंच कोणी हांक मारिली, तर त्या हांकेला ओ देण्यांत जे दोन सेकंद गेले तेवढेंच नुकसान होत नाहीं. हातचे विसरल्यामुळें त्याला पुन्हां पहिल्या रकमेपासून आरंभ करावा लागतो. प्रोग्रॅमर चूक शोधीत असतो तेव्हां त्याच्या मनांतहि असेच अनेक हातचे धरलेले असतात. अशा वेळीं कळफलकावरून हात उचलणें, माऊस चांचपणें, पडद्यावर त्याचा बाण कोठें आहे तें पाहणें, तो इष्ट अक्षरावर नेऊन टेकविणें आणि पुन्हां बोटें आपल्या जागीं आणणें, ही एक लहानशी हांकच होय. जुन्या दप्तरांतील कारकून मोडींत लिहीत असत तें याच कारणानें. त्या लिपींत लेखणी वारंवार उचलावी लागत नाहीं, म्हणून लिहिण्याचा ओघ तुटत नाहीं.

कळफलकावरील हिंडण्याची जी पद्धति आज प्रोग्रॅमर वापरतात, तिचा जन्म मात्र सोयींतून झाला नसून अडचणींतून झाला आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन यांनीं ‘ईडी’ नांवाचा एडिटर तयार केला. त्या काळीं अनेक ठिकाणीं संगणकास पडदा नसे. टेलिटाइप यंत्रावर कागदाची गुंडाळी चढविलेली असे व संगणकाचें उत्तर तीवर छापून निघे. प्रचारांतील एक यंत्र, टेलिटाइप मॉडेल ३३, सेकंदास १० अक्षरें छापीत असे. म्हणजे ७२ अक्षरांची एक ओळ पाहावयाची तर सात सेकंदांहून अधिक वेळ जाई. अशा स्थितींत मजकूर डोळ्यांपुढें असणें शक्यच नव्हतें. बाराव्या ओळीवर जा, अमुक शब्द काढ, तमुक घाल, अशा आज्ञा एकदोन अक्षरांत द्यावयाच्या आणि फळ काय झालें तें मागाहून छापून पाहावयाचें, अशी रीत होती. पुढें आलेल्या काटकसरीचें बीज येथें आहे.

यानंतर पडदा आला, पण वेग आला नाहीं. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत बिल जॉय हा तरुण विद्यार्थी नव्या एडिटरवर काम करूं लागला. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजांतील जॉर्ज कूलूरिस यांनीं ‘ईडी’ सुधारून केलेला ‘ईएम्’ हा एडिटर त्याच्या पाहण्यांत आला होता, व त्यावरूनच त्याच्या कामास चालना मिळाली. या प्रयत्नांतून जो एडिटर निघाला त्याचें नांव ‘व्हीआय्’. जॉय घरीं बसून दूरच्या संगणकाशीं टेलिफोनच्या तारेनें बोले, आणि त्या तारेंतून सेकंदास सुमारें ३० अक्षरें येत. पडद्यावर २४ ओळी व प्रत्येक ओळींत ८० अक्षरें धरलीं, तर एकंदर १,९२० अक्षरें होतात. तेव्हां पडदा एकदां संपूर्ण भरावयास ६४ सेकंद लागावयाचे. जेथें प्रत्येक अक्षराची वाट पाहावी लागते तेथें मनुष्य आज्ञा लांबलचक देत नाहीं. कमींत कमी कळा दाबून जास्तींत जास्त काम, हें धोरण जॉयच्या एडिटरांत मुरलें तें असें.

त्याच्या यंत्राचा आणखी एक ठसा आजपर्यंत टिकून आहे. लिअर सिग्लर कंपनीच्या ‘एडीएम् ३ ए’ या त्याच्या यंत्रावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच्, जे, के व एल् या चार अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून ‘व्हीआय्’मध्यें एच् म्हणजे डावीकडे, जे म्हणजे खालीं, के म्हणजे वर आणि एल् म्हणजे उजवीकडे अशी योजना झाली. या चारहि कळा कळफलकाच्या मधल्या रांगेंत, उजव्या हाताच्या बोटांखालींच येतात. ज्या जे अक्षरावर तर्जनी ठेवावयाची त्यावर आजच्या कळफलकांत एक बारीक उंचवटा असतो, त्यामुळें न पाहतांहि बोट आपली जागा ओळखतें. मूळचें यंत्र कधींच अडगळींत गेलें. परंतु त्यानें पाडलेली वहिवाट जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या बोटांत अद्याप नांदत आहे.

येथें साहजिकच शंका येईल कीं, अक्षरांच्या कळा जर हिंडण्यासाठीं वापरल्या, तर अक्षरें लिहावयाचीं कशीं? याचें उत्तर असें कीं, ‘व्हीआय्’च्या दोन अवस्था असतात. एकींत कळ दाबली म्हणजे अक्षर उमटतें. ही लेखनाची अवस्था. दुसरींत तीच कळ आज्ञा बनते. ही फिरण्याची व दुरुस्तीची अवस्था. आय् ही कळ दाबली असतां लेखन सुरू होतें व एस्केप दाबली असतां तें थांबतें. एडिटर उघडतो तो दुसऱ्या अवस्थेंत, आणि यांतच त्याचा स्वभाव दिसून येतो. मजकुरांतून हिंडणें ही नेहमींची स्थिति, आणि लिहिणें हें प्रसंगानें करावयाचें काम. नवशिक्यास हें ठाऊक नसतें. तो सरळ लिहावयास बसतो, अक्षरांऐवजीं भलतेच प्रकार घडतात, आणि पुष्कळदां या साधनांतून बाहेर कसें पडावें हेंहि त्याला उमगत नाहीं. बाहेर पडण्याची रीत साधी आहे: एस्केप, मग विसर्गासारखें दिसणारें कोलन चिन्ह, मग क्यू, आणि शेवटीं एंटर.

या आज्ञांची रचना शाळेंतील व्याकरणासारखी आहे. कांहीं कळा क्रियापदांचें काम करतात: डी म्हणजे काढून टाक, सी म्हणजे बदल, वाय् म्हणजे नक्कल घे. कांहीं कळा ठिकाण किंवा अंतर दाखवितात: डब्ल्यू म्हणजे पुढील शब्दाचा आरंभ, बी म्हणजे मागील शब्दाचा आरंभ, शून्य म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलरचें चिन्ह म्हणजे ओळीचा शेवट, टक्क्याचें चिन्ह म्हणजे कंसाचा जोडीदार कंस. एफ् दाबून एखादें अक्षर दाबलें, तर कर्सर त्या ओळींतील त्या अक्षराच्या पुढच्या ठिकाणीं जातो. आतां क्रियापद व ठिकाण यांची सांगड घालावी. डी व डब्ल्यू मिळून शब्द निघून जातो; डी व डॉलर मिळून ओळीचा उरलेला भाग जातो; सी व डब्ल्यू मिळून शब्द जाऊन त्याच्या जागीं नवीन लिहितां येतो. मध्यें ३ हा अंक घातला तर तीन शब्द जातात. चार क्रियापदें व दहा ठिकाणें पाठ केलीं, म्हणजे पाठ केलेल्या गोष्टी चौदा, पण हातीं आलेल्या आज्ञा चाळीस. एक नवें ठिकाण शिकलें कीं तें जुन्या सर्व क्रियापदांस आपोआप जोडतां येतें. भाषा शिकणारास जें सुख मिळतें तेंच येथें मिळतें. प्रत्येक वाक्य घोकावें लागत नाहीं.

या व्याकरणांत पुढें भरहि पडली. डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांनीं १९९१ सालीं ‘व्हिम्’ नांवाचा सुधारलेला अवतार प्रसिद्ध केला, आणि २०२३ सालीं मृत्यु येईपर्यंत ते त्यावर काम करीत राहिले. हें साधन त्यांनीं विनामूल्य दिलें, व ज्यांस तें आवडेल त्यांनीं युगांडांतील किबाले येथील मुलांच्या साहाय्यार्थ देणगी द्यावी एवढीच विनंती केली. ‘व्हिम्’मध्यें सी, आय् व कंस या तीन खुणा दिल्या कीं, कर्सर कंसांत कोठेंहि असो, कंसांतील सारा मजकूर जाऊन नवीन लिहावयास जागा मिळते. पूर्णविरामाच्या बिंदूची कळ तर मागील दुरुस्ती जशीच्या तशी पुन्हां करते; दहा ठिकाणीं एकच चूक असेल तर विचार एकदां करावयाचा आणि पुढें केवळ त्या त्या जागीं जाऊन बिंदु दाबावयाचा.

ही एकच वाट आहे असें मात्र नाहीं. १९७६ सालींच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांच्या खटपटीनें ‘ईमॅक्स’ हा एडिटर आकारास आला. त्यांत दोन अवस्था नाहींत. अक्षराची कळ नेहमीं अक्षरच उमटविते, आणि आज्ञा द्यावयाची असतां कंट्रोल ही कळ दाबून धरून अक्षर दाबावयाचें असतें. कंट्रोलसह एफ् म्हणजे एक अक्षर पुढें, बी म्हणजे मागें, एन् म्हणजे पुढील ओळ, पी म्हणजे आधींची ओळ. इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें असल्यामुळें तीं लक्षांत राहतात. अवस्था चुकण्याचा घोटाळा यांत टळतो. परंतु करंगळीवर ताण पडतो, आणि म्हणून पुष्कळ लोक मधल्या रांगेच्या डाव्या टोकास असलेल्या कॅप्स लॉक या कळेस कंट्रोलचें काम देतात. अवस्थांच्या पद्धतीस कडवा विरोध करणारे लॅरी टेस्लर यांनीं तर आपल्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरहि ‘अवस्था नकोत’ अशा अर्थाचीं अक्षरें घेतलीं होतीं. मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची जी सोय आज सर्वत्र आहे, तिच्या जनकांत त्यांची गणना होते. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. एकाच कळेचे दोन अर्थ असले म्हणजे चुकण्यास जागा राहतेच.

माऊसचाहि पक्ष ऐकून घेणें न्याय्य होईल. डग्लस एंगलबार्ट यांनीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें माऊसचें जाहीर प्रात्यक्षिक केलें, तेव्हां त्यांच्या डाव्या हाताशीं पांच कळांची एक लहान पेटीहि होती; उजव्या हातानें जागा दाखवावी व डाव्या हातानें आज्ञा द्यावी, अशी ती जोडी होती. जगानें माऊस घेतला आणि पेटी टाकून दिली, त्यामुळें हाताची येरझार मागें राहिली. तरीहि १९८९ सालीं ॲपल कंपनींतील ब्रूस टॉग्नाझिनी यांनीं असें लिहिलें कीं, आज्ञा देण्यास कळा जलद असें लोक सांगतात, परंतु घड्याळ लावून पाहिलें असतां माऊसच जलद ठरतो. कारण कोणती कळ दाबावी हें आठवण्यांत गेलेला वेळ माणसाच्या ध्यानांतच राहत नाहीं.

या वादाचा निकाल थोड्याशा अंकगणितानें लावतां येतो. १९८० सालीं स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन व ॲलन न्यूएल या अमेरिकन संशोधकांनीं संगणकावर सरावलेल्या माणसाच्या हालचालींचे सरासरी काल प्रसिद्ध केले. सरासरी कुशल टंकलेखकास एक कळ दाबण्यास ०.२ सेकंद लागतो. हात कळफलकावरून माऊसवर किंवा परत नेण्यास ०.४ सेकंद, माऊसनें पडद्यावरील जागा गांठण्यास १.१ सेकंद, आणि पुढील कृतीसाठीं मनाची तयारी करण्यास १.३५ सेकंद. आतां पडद्यावर दिसणाऱ्या एका दूरच्या शब्दावर कर्सर न्यावयाचा आहे असें समजावें. माऊसनें तो न्यावयास हात नेण्याचे ०.४, जागा गांठण्याचा १.१, कळ दाबण्याचा ०.२ व हात परत आणण्याचे ०.४, मिळून २.१ सेकंद होतात. ‘व्हीआय्’मध्यें तिरकी रेघ, त्या शब्दाचीं पहिलीं तीन अक्षरें व एंटर अशा पांच कळा दाबून शोध घेतला, तर १ सेकंद होतो. परंतु तिरकी रेघ दाबावी कीं दुसरें कांहीं, असा विचार पडला, तर त्या विचाराचे १.३५ सेकंद मिळविल्यावर बेरीज २.३५ होते, आणि माऊस जिंकतो.

तात्पर्य हें कीं, वेग कळेंत नसून संवयींत आहे. जी आज्ञा आठवावी लागते ती माऊसहून मंद. जी बोटांत बसली ती त्याच्या दुप्पट जलद. आणि बोटांत बसलेली आज्ञा नुसती जलद असते असें नाहीं, तर ती मनास हांकहि मारीत नाहीं; बेरजेंतील हातचे जागच्या जागीं राहतात. याउलट, शंभर आज्ञांची यादी समोर ठेवून एका आठवड्यांत सर्व शिकण्याचा हट्ट धरणारा प्रत्येक पावलास अडखळतो, आणि कंटाळून ती यादी बाजूस सारतो. पाढे पाठ करतांना बाराचा पाढा येण्यापूर्वीं एकोणतिसाचा कोणी धरीत नाहीं. तोच क्रम येथें हितकर. आपण कोणती हालचाल वारंवार करीत आहों हें प्रथम न्याहाळावें. बाणाची कळ वीस वेळां दाबून ओळीच्या टोकास जाण्याची संवय दिसली, तर तेवढ्या एका कामाची जवळची वाट शोधावी. ती आठवडाभर मुद्दाम वापरावी, प्रथम वेळ अधिक गेला तरी सोडूं नये, आणि ती अंगवळणीं पडल्यावरच दुसरी घ्यावी. थेंबे थेंबे तळें सांचतें.

दूरच्या संगणकावर काम करणारास या विद्येची आणखीहि गरज पडते. युनिक्सच्या कुळांतील बहुतेक संगणकांवर ‘व्हीआय्’ किंवा त्याचा वंशज आयता सांपडतो, आणि तेथें पुष्कळदां माऊसनें चालणारें दुसरें साधन नसतेंच. मध्यरात्रीं एखादी सेवा बंद पडली आणि एका ओळीची दुरुस्ती करावयाची असली, तर ज्याच्या बोटांत हें व्याकरण आहे तो दोन मिनिटांत मोकळा होतो. ज्याच्या नाहीं, त्याची दुरुस्ती ठाऊक असूनहि पंचाईत होते.

प्रोग्रॅम न लिहिणाऱ्या गृहस्थास व गृहिणीसहि यांतून घेण्याजोगें थोडेंसें आहे. घरच्या विंडोज संगणकावर पत्र लिहितांना कंट्रोल दाबून आडवा बाण दाबला, तर कर्सर अक्षराऐवजीं शब्दाशब्दानें चालतो; होम व एंड या कळांनीं ओळीचीं टोकें मिळतात; कंट्रोलसह होम दाबली असतां लेखाचा आरंभ येतो; आणि यांपैकीं कोणत्याहि चालीबरोबर शिफ्ट धरली, तर चाललेला मजकूर निवडला जातो. ॲपलच्या मॅक संगणकावर ऑप्शन ही कळ धरून बाण दाबला कीं शब्दाशब्दानें जातां येतें, आणि कंट्रोलसह ए व ई या कळांनीं ‘ईमॅक्स’प्रमाणेंच परिच्छेदाच्या किंवा ओळीच्या दोन टोकांस पोंचतां येतें. एवढ्या चारपांच चाली हातांत बसल्या, तरी पत्राच्या दुरुस्तींत होणारा त्रास कितीतरी कमी होतो.

शेवटीं घरांतल्या त्या मुलाकडे किंवा सुनेकडे पुन्हां एकदां पाहावें. बोटें चालत आहेत, अक्षर उमटत नाहीं, दृष्टि पडद्यावर खिळली आहे. या वेळीं काम चाललेलें दिसत नसलें, तरी खरें काम तेंच आहे. मनांत एक लांब बेरीज जुळत आलेली आहे, आणि बोटें तिला धक्का न लावतां तिच्यासाठीं येरझारा घालीत आहेत. चहा झाला आहे हें सांगावयाचें असेल, तर हात कळफलकावरून आपण होऊन उचलला जाईपर्यंत थांबावें, हें उत्तम.